ॲमी जॉन्सनचा निश्चय

हल हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एक मोठे बंदर आहे. पूर्वी उत्तर समुद्रात मासेमारी करणाऱ्या शेकडो नौका तेथे येत, धक्क्यावर मासळीचे ढीग पडत आणि पहाटेपासून व्यापाऱ्यांची लगबग सुरू होई. या गावी, मासळीचा व्यापार करणाऱ्या एका घराण्यात, १ जुलै १९०३ रोजी ॲमी जॉन्सनचा जन्म झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात दूर अमेरिकेत राइट बंधूंनी आपले पहिले विमान आकाशात उडवले. ॲमी आणि विमान ही अशी एकाच वर्षाची अपत्ये होती. परंतु या दोघांची गाठ पडण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

चार बहिणींमध्ये ॲमी सर्वांत थोरली. तिचे वडील कष्टाळू व व्यवहारदक्ष गृहस्थ होते. मुलींनाही चांगले शिक्षण मिळावे, असे त्यांना मनापासून वाटे. त्यांनी ॲमीला शेफील्डच्या विद्यापीठात पाठवले. तेथे तिने अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२५ साली ती पदवीधर झाली. त्या काळी विद्यापीठात शिकणाऱ्या मुली थोड्याच असत. तेव्हा पदवी हाती आली म्हणजे चांगले काम चालत येईल, असे घरात सर्वांना वाटले असल्यास नवल नाही.

पण दिवस कठीण होते. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले होते. युद्धाच्या वेळी रात्रंदिवस चालणारे कारखाने आता मंदावले होते. ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक माणसे कामाच्या शोधात हिंडत होती. १९२६ साली तर खाणकामगारांना पाठिंबा देण्यासाठी देशभर मोठा संप झाला. अशा काळात पदवीधर मुलीला कोण विचारणार? पुस्तकातून शिकलेले अर्थशास्त्र ॲमीला आता प्रत्यक्ष अनुभवास येऊ लागले. तिने टंकलेखन शिकून घेतले, हलमध्ये लहानसहान नोकऱ्या केल्या आणि शेवटी १९२७ साली ती लंडनला गेली. काही दिवस तिने एका मोठ्या दुकानात काम केले. पुढे तिला वकिलांच्या एका कचेरीत चिटणिसाचे काम मिळाले. पगार मोठा नव्हता, पण तो वेळेवर हाती पडे. त्या काळात एवढेही अनेकांच्या नशिबी नव्हते.

ॲमीने यापूर्वी एकदाच विमानातून प्रवास केला होता. गावोगाव विमान घेऊन हिंडणारे काही वैमानिक १९२६ साली हलला आले होते. थोडे पैसे घेऊन ते लोकांना आकाशातून चक्कर मारून आणीत. ॲमी आणि तिची बहीण या दोघी हौसेने विमानात बसून आल्या होत्या. ती घटकाभराची मौज होती. तिच्यातून पुढे काही निघेल, असे तेव्हा कोणालाही वाटले नव्हते.

१९२८ साली मात्र निराळेच घडले. लंडनच्या वायव्येस स्टॅग लेन नावाचे एक विमानतळ होते. तेथील हवाई क्लबाला सरकारची मदत मिळत असल्यामुळे मध्यम स्थितीतील माणसालाही तेथे उड्डाण शिकणे शक्य होई. एके दिवशी ॲमी सहज तिकडे गेली. हिरव्या मैदानावरून धावत जाऊन अलगद वर उठणारी छोटी विमाने ती पाहत राहिली. मग तिने धीर करून शिकण्याच्या शुल्काची चौकशी केली आणि तिला कळून आले, की काटकसर केली तर हे आपल्याला जमण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तिचे पहिले धडे सुरू झाले.

ॲमी काही जन्मतः कुशल वैमानिक नव्हती. तिच्या पहिल्या शिक्षकांना तिच्याविषयी फारशी आशा वाटली नाही. इतर विद्यार्थी ज्या वेळात एकट्याने विमान उडवू लागत, त्याहून पुष्कळ अधिक वेळ तिला लागला. विशेषतः विमान खाली उतरवताना तिचा अंदाज चुके. पण ती खचली नाही. कचेरीत जाण्यापूर्वी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर संध्याकाळी ती विमानतळावर हजर असे. धुके पडले, पाऊस आला, म्हणजे उड्डाण बंद राही. तरीही ती घरी परतत नसे. विमाने ठेवण्याच्या मोठ्या छपराखाली जाऊन ती यंत्रज्ञांचे काम पाहत उभी राही. १९२९ च्या जुलै महिन्यात तिला वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला.

आता तिच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. उड्डाण ही आपली सुट्टीतली हौस राहू द्यावी, की तोच आपला व्यवसाय करावा?

ॲमी अर्थशास्त्राची पदवीधर होती. हिशेब मांडणे तिला नवे नव्हते. एका बाजूला कचेरीतील सुरक्षित नोकरी होती. दुसऱ्या बाजूला जे होते ते फारच अनिश्चित होते. प्रवासी विमानांच्या कंपन्या त्या काळी मोजक्या होत्या. त्यांना लागणारे थोडे वैमानिक त्या हवाई दलातून आलेल्या अनुभवी पुरुषांतून निवडत. स्त्रियांना तेथे जवळजवळ प्रवेशच नव्हता. शिवाय ॲमीला मिळालेला परवाना केवळ हौशी वैमानिकाचा होता. त्याच्या बळावर पैसे मिळवता येत नसत. ज्या श्रीमंत स्त्रिया त्या वेळी विमाने उडवीत, त्यांना पोटाची चिंता नव्हती. ॲमीला ती होती.

तरीही तिने विमानविद्येचाच मार्ग निवडला. मात्र डोळे मिटून उडी टाकणाऱ्या माणसासारखा तिने तो निवडला नाही. नुसते विमान उडवता येणारे लोक पुष्कळ होते. परंतु ज्याला विमान उडवता येते आणि तेच विमान बिघडले असता दुरुस्तही करता येते, अशा माणसाचे मोल अधिक, हे तिने ओळखले. म्हणून विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचा परवाना मिळवण्याचे तिने ठरवले. तोपर्यंत ब्रिटनमध्ये एकाही स्त्रीने तो मिळवला नव्हता. या कामाला सारा दिवस देणे आवश्यक होते, आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागणार होती.

तिने वडिलांना आपला सारा विचार कळवला. तिचे वडील व्यापारी होते. समुद्रात गेलेली नौका भरून येईल की रिकामी, हे आधी सांगता येत नाही, तरी नौका पाठवावीच लागते, हे त्यांच्या धंद्यातच त्यांना उमगलेले असणार. त्यांनी मुलीला पाठिंबा दिला आणि खर्चाला मदत करण्याचे मान्य केले. ॲमीने कचेरीतील नोकरी सोडली.

आता तिचा दिवस तेलात आणि वंगणात जाऊ लागला. विमानतळावरील मुख्य अभियंता जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली ती शिकू लागली. इंजिन उघडून त्याचा प्रत्येक भाग धुणे, पुसणे, झिजलेले भाग ओळखणे, पंखांवरचे फाटलेले कापड सांधणे, अशी सारी कामे ती करी. एक पदवीधर मुलगी अंगात यंत्रज्ञाचा डगला चढवून पाने व हातोडे हाताळते, याचे तेथील पुरुषांना आरंभी आश्चर्य वाटले. पण तिची चिकाटी पाहून त्यांनी तिला आपल्यातलीच एक मानले. ते तिला जॉनी या पुरुषी नावाने हाक मारू लागले.

याच सुमारास, १९२९ च्या ऑक्टोबर महिन्यात, अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला. त्या धक्क्याने जगभर मंदीची लाट पसरली. ब्रिटनमधील बेकारांची संख्या झपाट्याने वाढत गेली आणि १९३० च्या अखेरीस ती सुमारे २५ लाखांवर पोचली. हातची नोकरी सोडण्यास याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. परंतु ॲमीने सुरू केलेले काम अर्ध्यावर टाकले नाही. १९२९ च्याच डिसेंबरमध्ये तिला अभियंत्याचा परवाना मिळाला. असा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय.

परवाने दोन झाले, पण काम कोणी देईना. एका अनोळखी मुलीच्या हाती विमान सोपवण्यास कोण तयार होणार? आपली योग्यता नुसती कागदावर असून भागत नाही, ती जगाला दिसली पाहिजे, हे ॲमीच्या ध्यानी आले. बर्ट हिंक्लर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकट्याने विमान नेले होते. त्याला साडेपंधरा दिवस लागले होते. तोच प्रवास एकटीने करावयाचा, असे ॲमीने ठरवले. तोपर्यंतचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते हल. आता पुढे होते सुमारे ११,००० मैल.

विमानासाठी पैसे उभे करणे हेच एक मोठे संकट होते. तिने अनेकांना पत्रे लिहिली. मंदीच्या दिवसांत बहुतेकांनी नकार दिला. अखेर ब्रिटनच्या नागरी विमानखात्याचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर यांनी तिची शिफारस तेलाचे मोठे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांच्याकडे केली. जिप्सी मॉथ जातीचे एक वापरलेले विमान ६०० पौंडांना विकत मिळत होते. त्यातील निम्मी रक्कम लॉर्ड वेकफील्ड यांनी दिली आणि निम्मी ॲमीच्या वडिलांनी. वाटेत ठिकठिकाणी पेट्रोल मिळण्याची व्यवस्थाही वेकफील्ड यांनी केली. वडिलांच्या पेढीची व्यापारी खूण 'जेसन' ही होती. तेच नाव ॲमीने आपल्या विमानाला दिले.

जेसन हे गर्द हिरव्या रंगाचे दुपंखी विमान होते. त्याच्या पंखांवर कापड ताणून बसवलेले होते. वैमानिकाच्या बैठकीवर छप्पर नसल्याने ऊन, वारा, पाऊस सारे अंगावर घ्यावे लागे. संदेश पाठवण्याचे कोणतेही साधन त्यात नव्हते. दूरच्या प्रवासासाठी पेट्रोलच्या जादा टाक्या बसवल्या होत्या. उडत असतानाच त्यांतील पेट्रोल हाताने पंप करून वरच्या टाकीत चढवावे लागे आणि त्याच्या वासाने जीव कासावीस होई. विमानाच्या अंगाला एक जादा पंखाही बांधून घेतला होता.

५ मे १९३० रोजी सकाळी ॲमी क्रॉयडनच्या विमानतळावरून निघाली. निरोप द्यायला तिचे वडील आले होते. वृत्तपत्रांनी त्या दिवशी तिची फारशी दखल घेतली नाही. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो अशी ठाणी घेत ती पुढे सरकली. तुर्कस्तानातील टॉरस पर्वतात ढग दाटले होते. तेव्हा रेल्वेच्या रुळांचा माग धरून अरुंद दऱ्यांतून तिने विमान काढले. बगदादकडे जाताना वाळूचे भयंकर वादळ उठले. समोरचे दिसेना, म्हणून तिला वाळवंटातच उतरावे लागले. वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून ती सामानसुमान चाकांना टेकवून विमानाच्या शेपटीवर बसून राहिली. वादळ ओसरल्यावर ती पुन्हा उडाली.

सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीस पोचली. हिंक्लरला येथवर येण्यास आठ दिवस लागले होते. ॲमी दोन दिवस पुढे होती! एका रात्रीत तिचे नाव जगभर झाले. पाच दिवसांपूर्वी जिची कोणी विशेष विचारपूस केली नव्हती, तिच्या वाटेकडे आता सारे जग डोळे लावून बसले.

कराचीहून निघाल्यावर अलाहाबादेस पोचण्याचा तिचा बेत होता. परंतु समोरच्या वाऱ्यामुळे पेट्रोल संपत आले. खाली झाशी दिसत होती. लष्करी छावणीच्या कवायतीच्या मैदानावर तिने विमान उतरवले. मैदान अपुरे पडले, विमान अडथळ्यांवर आपटले आणि त्याच्या पंखाला इजा झाली. छावणीतील माणसे मदतीला धावली. लगोलग दुरुस्ती करून दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादेवरून कलकत्त्यास गेली.

पुढे ब्रह्मदेशात पावसाने तिला गाठले. रंगूनच्या जवळ पोचली तेव्हा मुसळधार पावसात तिला ठरलेली जागा सापडेना. इन्सीन या गावी एका औद्योगिक शिक्षणसंस्थेचे खेळाचे मैदान दिसले, तेथे ती उतरली. पण मैदानाच्या कडेला असलेल्या चरात विमान नाकावर आदळले. पुढचा पंखा मोडला, चाकांचा भाग वाकला आणि पंखावरचे कापड फाटले.

या ठिकाणी तिचा प्रवास संपला असता. पण वाईटातून चांगले एवढेच, की ती मैदान चुकून उतरली ते विद्यालय यंत्रविद्येचे होते. तेथील शिक्षक व विद्यार्थी तिच्या मदतीस आले. मोडलेल्या पंख्याच्या जागी बरोबर आणलेला जादा पंखा बसवण्यात आला. फाटलेल्या पंखासाठी योग्य कापड कोठून आणणार? महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे तेथील काही जणांनी शिवून घेतले होते. ते सदरे फाडून पंखाला ठिगळे लावली गेली. काय मोडले, ते कसे जोडायचे आणि कोणता भाग किती भार सोसेल, हे सांगण्यास ॲमी तेथे उभी होतीच. स्टॅग लेनच्या छपराखाली काढलेले दिवस येथे उपयोगी पडले. ती केवळ वैमानिक असती, तर इंग्लंडहून यंत्रज्ञ येईपर्यंत तिला तेथेच बसून राहावे लागले असते.

दुरुस्तीत मोलाचे दिवस गेले. हिंक्लरचा विक्रम मोडण्याची आशा मावळली. ॲमीच्या जिवाला ते लागले. तरीही तिने प्रवास सोडला नाही. पुढे जावा बेटावर उसाच्या मळ्याजवळ उतरताना जमिनीत रोवलेल्या बांबूंनी पंखांना भोके पाडली. ती तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांनी बुजवली. तिमोर बेटावर तर ती वाट चुकून एका खेड्याजवळ उतरली आणि तिचा ठावठिकाणा न लागल्याने जगाला तिची काळजी लागली. अखेर खवळलेला समुद्र ओलांडून २४ मे १९३० रोजी ती ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे उतरली. साडेएकोणीस दिवस लागले होते. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली.

विक्रम हुकला म्हणून कोणीही तिला उणे लेखले नाही. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडात तिच्या स्वागताला अफाट गर्दी लोटली. ब्रिटिश सरकारने तिला सन्मानाची पदवी दिली. एका मोठ्या वृत्तपत्राने तिला १०,००० पौंड दिले. ऑस्ट्रेलियात भेट मिळालेल्या पैशांतून तिने आपल्या गावच्या धाडसी मुलांसाठी एक करंडक ठेवला. ज्या वर्षी लाखो घरांत चूल पेटण्याची भ्रांत होती, त्या वर्षी या साध्या घरातील मुलीच्या यशाने लोकांना धीर वाटला.

परंतु कीर्ती म्हणजे नोकरी नव्हे, हे ॲमीला लवकरच समजले. सत्कार, भाषणे आणि मेजवान्या यांनी ती थकून आजारी पडली. पुढील वर्षांत तिने आणखी मोठी उड्डाणे केली. १९३१ साली ती हम्फ्रीज यांच्यासह विमानाने जपानला गेली. १९३२ साली तिने इंग्लंड ते केप टाउन या मार्गावर एकटीने विक्रम केला. १९३३ साली पती जिम मॉलिसन यांच्यासह तिने अटलांटिक महासागर ओलांडला. त्या वेळी अमेरिकेत उतरताना विमान कोसळून दोघेही जखमी झाले. पण जगातील सारे मार्ग हळूहळू परिचयाचे झाले, तशी विक्रमांची नवलाई ओसरू लागली. संसारातही तिला सुख लाभले नाही. १९३८ साली तो विवाह संपला.

मग या जगप्रसिद्ध स्त्रीने काय केले? तिने पुन्हा काम शोधले. १९३९ साली ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका लहान विमान कंपनीत वैमानिक म्हणून रुजू झाली. समोरच्या वाइट बेटापर्यंत प्रवाशांना न्यायचे आणि परत आणायचे, हे तिचे काम. काही मिनिटांचा तो प्रवास होता. जिने एके काळी अर्धे जग पार केले, तिला यात कमीपणा वाटला नाही. दहा वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली होती ती कीर्तीसाठी नव्हे, तर आकाशात काम करून पोट भरता यावे यासाठी.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. कारखान्यांत तयार झालेली विमाने लष्करी तळांवर पोचवण्यासाठी ब्रिटनमध्ये एक दल उभारले गेले. १९४० साली ॲमी त्यात सामील झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी ती एक विमान घेऊन ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळील तळाकडे निघाली. हवा फार वाईट होती. ढगांच्या दाट थरात तिची वाट चुकली आणि ती टेम्स नदीच्या मुखापर्यंत भरकटत गेली. हवाई छत्रीच्या साहाय्याने ती बर्फासारख्या गार पाण्यात उतरली. जवळच आरमाराची एक नौका होती. तिचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी तिला वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेतली. पण लाटांपुढे कोणाचे काही चालले नाही. ॲमी बुडाली, तिचा देहही सापडला नाही. त्या शूर कप्तानालाही प्राण गमवावे लागले. ॲमी तेव्हा ३७ वर्षांची होती.

तिचे जेसन विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करून ठेवले आहे. लाकूड आणि कापड यांचे ते विमान इतके लहान आहे, की यातून कोणी ऑस्ट्रेलियाला गेले असेल यावर प्रथम विश्वास बसत नाही. ॲमीच्या काळी मार्ग बिकट होता, दिवस मंदीचे होते आणि यशाची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. तिनेही ती कोणाकडे मागितली नाही. तिने हिशेब मांडला, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला, हाताला एक कौशल्य अधिक जोडले आणि मगच पाऊल उचलले. एकदा उचललेले पाऊल मात्र तिने मागे घेतले नाही.